ती उसण नव्हती

“हार्ट अटॅक आहे,” डॉक्टर म्हणाले. ईसीजीची पट्टी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली होती आणि माझ्याकडे न बघता ते त्या पट्टीकडेच बघून बोलत होते. “मोठा आहे. दुखायला केव्हा लागलं?”

खाटेवर माझे यजमान पडले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तरी त्यांनी मान माझ्याकडे वळवली. ती नजर मी सोळा वर्षं ओळखत होते. बोलू नकोस, असं ती सांगत होती.

“आज पहाटे पाचपासून,” मी म्हणाले. “छातीत.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी शिक्षिका. खोटं बोलल्याबद्दल कितीतरी पोरांचे कान मी पिरगाळले असतील. त्या दिवशी नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न असताना मी धडधडीत अर्धसत्य सांगितलं, आणि ते कागदावर चढलं. हे सगळं आता लिहायचं कारण एवढंच की, माझ्यासारखी दुसरी कोणी त्या खाटेशेजारी उभी राहिली तर तिने माझ्यासारखं करू नये.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली. आम्ही नाशिकला सातपूरच्या कामगार वसाहतीत राहत होतो. हे तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते, वय चव्वेचाळीस. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. एक मुलगी, सातवीत. घरात बुद्धाची तसबीर आणि यांची पुस्तकं. दर रविवारी वसाहतीतल्या विहारात वंदना झाली की हे बोलायला उभे राहत. देवऋषी, अंगारे-धुपारे, नजर काढणं या सगळ्यांवर त्यांची जीभ अशी चाले की ऐकणारे हसून हसून लोळत. आपल्या माणसांनी या जळमटांतून बाहेर यावं अशी त्यांची खरीच तळमळ होती.

आणि त्यांची बायको पायाळू.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी जिचे पाय आधी बाहेर आले ती. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे. उसण म्हणजे काही उचलताना, वाकताना पाठीत किंवा कमरेत एकाएकी भरणारी कळ. माझं माहेर निफाडकडचं. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून लोक मला बोलावून न्यायचे. चांगले आडदांड गडी माझ्यासमोर पालथे पडायचे आणि आई सांगायची त्याप्रमाणे मी डावा पाय तीनदा त्यांच्या पाठीला लावायची. ज्यांच्या ओट्यावर चढायची आम्हाला परवानगी नव्हती, त्यांच्या पाठीला माझा पाय चालायचा. ते अंगणात उतरून पालथे पडायचे. लहानपणी मला त्याचा फार अभिमान वाटे.

लग्नानंतर मी हे यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. हे म्हणाले, “त्यांना तुझ्या पायाची गरज होती, तुझी नव्हती.” मला ते इतकं लागलं की दोन दिवस मी बोलले नाही. पण खोटं काय होतं त्यात?

तरीही सवय सुटली नाही. शेजारच्या भागाबाई चांदवडकडच्या. त्यांच्या कमरेला महिन्यातून एकदा उसण भरायचीच. हे कामावर गेले की त्या मागच्या दाराने यायच्या, ओसरीत पालथ्या पडायच्या, आणि उठताना “लय बरं वाटलं बाई” म्हणून जायच्या. हे यांना ठाऊक होतं. ते फक्त हसायचे.

आता त्या रविवारकडे येते.

आदल्या संध्याकाळी घराला चुना द्यायचा म्हणून यांनी लोखंडी कपाट एकट्याने सरकवलं होतं. रविवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि खाटेच्या कडेवर बसले. पाठीत, खांद्यांच्या दोन पात्यांच्या मध्ये, कोणीतरी आतून आवळतंय असं म्हणाले. कपाळावर घाम होता. नुकतीच आंघोळ झाली होती म्हणून मी तो टॉवेलने पुसला, पाणी समजून. तो पुन्हा आला. कपाट सरकवलं त्याची उसण भरली, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही. त्यांनाही नाही. तेल चोळलं. फरक पडला नाही.

मग भिंतीकडे तोंड करून हे म्हणाले, “दार लोट.”

“कशाला?”

“लाव तुझा तो पाय.”

मला हसू फुटलं. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान...” मी सुरू केलं.

“पुढचं म्हणू नकोस,” हे म्हणाले. त्यांनाही हसू येत होतं आणि दुखतही होतं. “विहारात बोलायचंय मला तासाभराने. आणि हे बघ बाई, बाहेर कुठे बोलायचं नाही.”

शाळेतली पोरं मला बाई म्हणत, म्हणून चिडवायला हेही बाई म्हणत. मी दार लोटलं. नवऱ्याला पाय लावायचा म्हणजे आमच्या आईने डोक्याला हात मारला असता. मी मात्र आनंदाने लावला. सोळा वर्षांनी माझ्या पायाला या घरात मान मिळाला होता! तीनदा पाय लावला आणि हे तसेच पडून राहिले. दहा मिनिटांनी कळ गेली. उठले, सदरा घातला, विहारात जाऊन बोलले. विषय मुलींच्या शिक्षणाचा होता, हे नशीब. मी मागे बायकांत बसून मनातल्या मनात मिरवत होते.

त्या दहा मिनिटांत काय झालं ते मला पुढे डॉक्टरांनी समजावलं. कळ माझ्या पायाने गेली नव्हती. हे स्वस्थ पडून राहिले म्हणून गेली होती.

खरं तर त्याच्याही आधी महिनाभर शरीर सांगत होतं. जेवून सायकलवर दुसऱ्या पाळीला निघाले की चढावर हे उतरून चालत जात. दोन जिने चढले की मध्ये थांबत आणि कोणी बघितलं तर चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करत. रात्रीच्या जेवणानंतर जबडा जड वाटतो म्हणत. आम्ही कधी गॅस म्हटलं, कधी वय. कारखान्यातल्या तपासणीत ब्लडप्रेशर निघालं होतं, म्हणजे रक्ताचा दाब वाढलेला. गोळ्या दोन महिने घेतल्या, बरं वाटलं तशा बंद केल्या. बिडी चालूच होती. यांचे वडील पन्नाशीच्या आत एका दुपारी शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेले. घरात सगळे म्हणत, “वाताचा गोळा वर चढला.” तो गोळा नक्की कसला होता हे कोणी कधी विचारलं नाही.

सोमवारी पहाटे पाचला यांनी मला हलवून उठवलं. आता कळ पाठीतही होती आणि छातीतही. डावा हात करंगळीपर्यंत बधिर झाला होता. उलटी झाली. बनियन पिळून काढावं इतका घाम आला होता. आणि अशा स्थितीत आम्ही दोघांनी काय केलं असेल? हे पालथे झाले आणि मी पाय लावला. तीनदा लावला, मग आणखी लावला, मग मोजणं सोडून दिलं. काल गेली तर आज का जात नाही, याचा मला रागच येत होता. ओवा दिला. सैंधव दिलं. साडेआठ वाजले.

भागाबाई नळावर चला म्हणायला आल्या आणि दारातच थबकल्या.

“बाई, भाऊंचा रंग बघा,” त्या म्हणाल्या. “ही उसण नाय. माझा दीर असाच राखेवानी दिसत होता. रिक्षा बोलवा आधी.”

मी पायाळू, मी शिकलेली. आणि रंग ओळखला तो भागाबाईंनी. मुलीला त्यांच्याकडे ठेवलं. हे रिक्षापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले. तेही करू नये, खुर्चीत बसवून उचलून न्यावं, हे आम्हाला माहीत नव्हतं. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकवून हे दोनच वाक्यं बोलले. “पायाचं सांगू नकोस. कालचं तर नाहीच नाही.” मी हो म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तेव्हा वाटलं.

म्हणून डॉक्टरांना “आज पहाटे पाचपासून, छातीत.”

यांना आयसीसीयूत घेतलं. आयसीसीयू म्हणजे हृदयाच्या पेशंटसाठी वेगळी ठेवलेली खोली. चार खाटा होत्या आणि प्रत्येकीच्या उशाशी मॉनिटर. त्याच्या हिरव्या पडद्यावर हृदयाचा प्रत्येक ठोका टेकडीसारखा वर चढून खाली यायचा. दुखणं थांबावं म्हणून पेथिडिनचं इंजेक्शन, सलाईन, नाकात नळी. कुशीवर वळायचं असेल तर सिस्टरला बोलवायचं. आम्हाला दाराच्या गोल काचेतून बघायची मुभा होती. मी त्या काचेला नाक लावून टेकड्या मोजत उभी राहायची.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाकावर बसवून समजावलं. या आजाराला मायोकार्डियल इन्फार्क्शन म्हणतात. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते ज्या बारीक नळ्यांतून येतं त्या कोरोनरी आर्टरी. “तुमचे मिस्टर फिटर आहेत ना? मग त्यांना पाइपात गंज कसा साचतो ते माहीत असेल,” डॉक्टर म्हणाले. बिडी, वाढलेला दाब, साखर, चरबी, सततची काळजी, आणि घरात आधी कोणी असं गेलं असेल तर तो वारसा. या सगळ्यांनी नळी आतून अरुंद होते. मग एक दिवस तिथे रक्ताची गुठळी अडकते आणि पलीकडच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. तो तुकडा मरतो. मेलेला पुन्हा जिवंत होत नाही.

“पहिले तीन दिवस धोक्याचे,” ते म्हणाले. “नंतरही मी खात्री देणार नाही.”

माझ्या पाचावर धारण बसली. वडिलांचा गोळा मला तेव्हा आठवला. डॉक्टरांना तो सांगितला. रविवार मात्र नाही.

मंगळवारी रक्ताचे रिपोर्ट घेऊन डॉक्टर पुन्हा बाहेर आले. हृदयाचा स्नायू मरताना त्यातून एन्झाइम नावाचे पदार्थ रक्तात उतरतात आणि ते किती वाढले त्यावरून वेळेचा अंदाज येतो.

“काल आल्या आल्या रक्त घेतलं होतं,” ते म्हणाले. “पहाटे पाचचा अटॅक धरला तर त्या मानाने हे आकडे फार मोठे आहेत. आधी काही झालं होतं का? आदल्या दिवशी? दम लागला, दुखलं, काहीही?”

त्यांचा आवाज साधा होता. रागावलेला नव्हता. सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. माझ्या डोळ्यांपुढे विहार आला, तिथली माणसं आली. हे बरे होऊन तिथे उभे राहिले की मागच्या ओळीतून कोणीतरी खुदकन हसणार, हे दिसलं. आणि खरं सांगायचं तर मला माझीही लाज वाटत होती. मीच पाय लावला होता. मीच मिरवले होते.

“नाही,” मी म्हणाले.

डॉक्टर मान हलवून आत गेले. त्या उत्तराने झोप उडाली ती उडालीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी माझी गत झाली होती. सिस्टरने नुसती हाक मारली तरी मला वाटे, आता विचारणार.

तीन दिवस गेले. मॉनिटरवरच्या टेकड्या एकसारख्या चालल्या होत्या. शुक्रवारी यांना साध्या वॉर्डात हलवलं. मऊ भात खाल्ला. मुलीबद्दल विचारलं. मला चिडवलंसुद्धा, “बाई, सुट्टीचा अर्ज टाकला का?” मी मनात म्हटलं, सुटलो.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मी डबा घासून आले तर हे तोंड आवळून पडले होते. सिस्टर नुकतीच त्यांच्याजवळून गेली होती.

“पाठ दुखते म्हटलं तिला,” हे म्हणाले. “तिने मलम लावलंय.”

मी सिस्टरकडे गेले. तिने केसपेपर बघून सांगितलं, “छातीत दुखतं का, ते मी दोनदा विचारलं. नाही म्हणतात. सहा दिवस उताणं पडून राहिल्यावर पाठ धरणारच हो ताई.” तिचा काहीच दोष नव्हता. कागदावर जे लिहिलं होतं त्याप्रमाणे ती चालली होती, आणि कागदावर छाती लिहिलेली होती. पाठ मी लिहूच दिली नव्हती.

मी परत आले तेव्हा हे कुशीवर वळले होते. “पडदा ओढ,” म्हणाले. “तीच उसण आहे. त्या दिवशीची. त्याच जागी. एकदा पाय लाव, जाईल.”

मी पडदा ओढला. हे मला लिहायलाही नको वाटतं, पण मी तो ओढला. चप्पल काढली, खाटेच्या दांड्याला धरलं आणि डावा पाय उचलून त्यांच्या पाठीवर टेकवला. दवाखान्याचा सदरा थंडगार आणि चिंब भिजलेला होता. पंखा फिरत होता आणि माणूस घामाने निथळत होता. तो थंडपणा माझ्या तळपायाला लागला आणि मला एकदम सगळं समजलं. रविवारी टॉवेलने पुसलेला घाम, जिन्यात मध्येच थांबणं, चढावर उतरलेली सायकल.

मी पाय काढून घेतला.

“लाव ना,” हे म्हणाले.

“मी डॉक्टरांना बोलावते.”

यांनी माझं मनगट धरलं. जोर नव्हता त्या हातात. “सांगू नकोस गं. माझं हसं होईल.”

“होऊ दे!” मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. “हसू दे सगळ्यांना. तुम्ही ऐकायला राहिलात तर हसतील ना?”

मी हात सोडवून पळाले, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी. डॉक्टर खालच्या मजल्यावर बाहेरचे पेशंट तपासत होते. बाकावर वीस-पंचवीस माणसं बसलेली. मी सरळ आत घुसले आणि कोणासमोर काय बोलतेय याचा विचार न करता सांगितलं. “डॉक्टर, मी पायाळू आहे. रविवारी सकाळी यांच्या पाठीत दुखत होतं, घाम आला होता, मी पाय लावला. छातीत नव्हतंच तेव्हा. सोमवारीही पाठीत होतंच. तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोनदा खोटं बोलले. आता पुन्हा तिथेच दुखतंय.”

कोणी हसलं की नाही ते मला माहीत नाही. डॉक्टर मात्र खुर्चीतून उठले होते. “पाठीतच? दोन पात्यांच्या मध्ये? तेव्हासारखंच?”

“तसंच. घाम पण.”

ते जिन्याने वर धावले आणि मी त्यांच्या मागे. वॉर्डात शिरता शिरताच म्हणाले, “ट्रॉली आणा. यांचा अंजायना पाठीत येतो.” अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं की उठणारी कळ. ती बहुतेकांच्या छातीत येते. पण कोणाच्या जबड्यात येते, कोणाच्या पोटाच्या वर, कोणाच्या नुसत्या डाव्या हातात, आणि एखाद्याच्या पाठीत. जिभेखाली गोळी ठेवली. ईसीजी काढला. आयसीसीयूच्या दाराशी ट्रॉली पोचली आणि यांचा हात खाली लोंबकळला.

दार बंद झालं. गोल काचेतून मला सगळं दिसलं. पडद्यावर टेकड्या नव्हत्या. लहान पोराने पेन्सिलीने गिरगटावं तसं काहीतरी धावत होतं. हृदय ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरतं, त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. तीन-चार मिनिटं तसंच राहिलं तर माणूस संपतो. डॉक्टरांनी छातीवर दोन चकत्या ठेवल्या आणि सगळे मागे सरकले. विजेच्या धक्क्याने हे खाटेवरून वर उडाले आणि खाली पडले. गिरगोट्या तशाच. मी देव मानत नाही, त्यामुळे हात जोडायलाही कोणी नव्हतं. मी फक्त यांचं नाव घेत होते, जे मी आयुष्यात कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. दुसरा धक्का. गिरगोट्या थांबल्या. रेघ सरळ झाली. आणि मग एक टेकडी आली. थोडं थांबून दुसरी.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले, माझ्याशेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, “आहेत.”

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग मात्र चांगलं खडसावलं.

“पाय लावलात त्याचं मला काही नाही. माझी आजीही लावून घ्यायची. पण पाय लावून थांबून राहिलात, आणि नंतर माझ्यापासून लपवलंत. वॉर्डातच हृदय थांबलं असतं तर तिथे हे यंत्र नाही. पाच मिनिटं आधी आलात म्हणून दारात सापडले.”

“रविवारीच आणलं असतं तर?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “तर एवढा तुकडा कदाचित मेला नसता,” ते म्हणाले. खोटा धीर त्यांनी दिला नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, आणि ते वाक्य मला आजही टोचतं.

पुन्हा वॉर्डात आणल्यावर यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शुद्धीवर आल्यावर सगळ्या दवाखान्याला कळल्याचं त्यांना कळलं होतं. कळणारच. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मावशी, तुमी पायाळू हाय ना? माझी कंबर लय धरली हो, जरा पाय लावता का?” मी असं काही बघितलं तिच्याकडे, की ती बिचारी मागच्या मागे सटकली. ते यांनी पडल्या पडल्या ऐकलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसले. मग पाणी मागितलं. आमचं भांडण तिथे मिटलं असं धरायला हरकत नाही.

महिन्याने घरी आलो. पहिले दिवस दारापर्यंत चालायचं, मग नळापर्यंत, मग विहारापर्यंत. बिडी बंद, मीठ कमी, गोळ्या बरं वाटलं तरी चालू. कारखान्याने यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. भागाबाई अजूनही कंबर घेऊन येतात. मी आधी दहा प्रश्न विचारते. घाम आला का? चालल्यावर वाढतं आणि थांबल्यावर कमी होतं का? हात जड वाटतो का, जबडा दुखतो का, मळमळतं का? त्या वैतागून म्हणतात, “बाई, परीक्षा घेता का पाय लावता?” यातल्या एकालाही हो आलं तर मी पाय लावत नाही, चप्पल घालून त्यांच्याबरोबर दवाखान्यात निघते.

चार महिन्यांनी एका रविवारी वंदना झाल्यावर हे बोलायला उठले. काय बोलणार ते मला सांगितलं नव्हतं. आवाज आधीपेक्षा बारीक झाला होता.

“मी इथे उभा राहून तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आलो,” हे म्हणाले, “आणि ज्या दिवशी माझ्या पाठीत कळ आली त्या दिवशी दार लोटून बायकोचा पाय लावून घेतला. एकदा नाही, तीन वेळा. वर तिला शपथ घातली, सांगू नकोस म्हणून. कशासाठी, तर तुम्ही हसाल म्हणून. आता हसा.”

मागून खरंच कोणीतरी हसलं. हेही हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. घाम, जिना, चढावरची सायकल, वडिलांचा गोळा, सगळं. “कळ कुठेही येऊ देत,” शेवटी म्हणाले, “पण डॉक्टरने विचारलं तर लाजेचं पण सांगा. लाज काय, नंतर धुऊन निघते.”

मी मागे बायकांत बसले होते. पदराने तोंड झाकून मी इतकी रडले की मुलगी घाबरली. या माणसाचा मला कधी एवढा अभिमान वाटला नव्हता.

विहाराबाहेर पडायला आम्हाला पाऊण तास लागला. एकेक जण यांना बाजूला घेऊन हळूच काही सांगत होता. एकाला जेवल्यावर जबडा दुखत होता. एकाने तर तिथेच सदरा वर करून पाठीतली जागा दाखवली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून हे तिघांना दवाखान्यात घेऊन गेले. दोघे संध्याकाळी परत आले. तिसऱ्याला, आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एका सुताराला, डॉक्टरांनी पट्टी बघून तिथूनच आत घेतलं.

तो सुतार आज चांगला हिंडतो-फिरतो. त्याची बायको भेटली की अजून मला विचारते, “बाई, त्या दिवशी भाऊ बोललेच नसते तर?”

मी तिला एवढंच सांगते, की ते बोलले.